खाकरणं

घाटंजीपासून अकरा किलोमीटर आत,
आमच्या गावात मी एकशे सात संडास बांधले.
बारा हजारांत एक: दोन खड्डे, जाळीची वीट,
वर टीन, दाराला निळा रंग.
दारापुढं मालकाला उभं करून फोटो.
एकाही फोटोत कोणी हसलेलं नाही.
साठेक चालू असतील.
बाकीच्यांत पऱ्हाट्या, शेळीची पिल्लं,
सोनबा उईकेच्या संडासात फवारणीचा पंप
आणि त्याच्या साळ्याची फुटकी ढोलकी.

भाची संघमित्रा जपानात म्हाताऱ्यांची सेवा करते.
गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही.
पहिल्याच महिन्यात तिनं व्हिडिओ कॉल लावला
तो थेट संडासातून.
"मामा, पाहा, बसायची जागा गरम हाये!"
कोणी आत्ताच बसून गेलं काय, मी विचारलं.
"वीज, मामा, वीज."
आमच्याकडं तेव्हा लाइन गेलेली.
अंधारात बसून मी तिकडचा उजेड पाहत होतो.
भिंतीवर इतकी बटणं, ट्रॅक्टरलाही नसतात.
एक दाबलं की पाण्याचा आवाज.
नुसता आवाज, पाणी नाही.
"हे काहून?"
"आतल्याचं बाहेरच्याले ऐकू जाऊ नये म्हनून."

मग मी ज्याला त्याला विचारत सुटलो.
डोईफोड्यांचा पोरगा अमेरिकेतून म्हणाला,
इथं दार गुडघ्यापर्यंतच, आतल्याचे बूट दिसतात.
एवढा मोठा देश, आणि पत्रा कमी पडला?
साळा दोहाला होता. तिथं पाण्याची पिचकारी.
चार वर्षांत तेवढंच त्याला घरच्यासारखं वाटलं.
आणि आपल्या स्टँडावर पाटी: लघवी मोफत.
पाटीखालचा माणूस बायांकडून पाच रुपये घेतो,
पुरुषांकडून काही नाही.
हाही परदेशच म्हणा.

मागच्या पोळ्याला कौतिकाबाईचा खुबा मोडला.
तिचा संडास माझ्याच हातचा, नंबर एकेचाळीस,
पाय ठेवायला दोन खाचा, मध्ये भांडं.
"बसता येते बाप्पा," ती म्हणाली, "उठवन कोन?"

बांधून सात वर्षं झाली होती.
हा प्रश्न माझ्या मापात कधी आला नव्हता.

गोदरीच्या वाटेवर कडी म्हणजे खाकरणं.
येणारा खाकरायचा, बसलेली खाकरायची.
मोटारसायकलचा उजेड पडला की
सगळ्या उभ्या राहायच्या, गेला की पुन्हा बसायच्या.
लोक म्हणतात, बायांच्या गप्पा तिथंच रंगायच्या,
तुझ्या संडासांनी त्या बंद पाडल्या.
मी कौतिकाबाईला विचारलं.
"गप्पा कायच्या रे. भेव वाटे, म्हनून बोलत होतो."

संघमित्रानं मापं पाठवली:
तिकडची म्हातारी माणसं कुठला दांडा धरून उठतात,
दांडा जमिनीपासून किती वर,
भिंतीपासून किती बोटं.
मंडपवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणली, पाय वाकडा झालेली.
पाय सरळ केला, मधोमध करवतीनं गोल कापला,
कडेला सायकलची ट्यूब गुंडाळली,
भिंतीत नळाच्या पाइपाचा तुकडा रोवला.
बटण एकही नाही.
बसायची जागा गरम होते, पण फक्त मे महिन्यात,
टिनाच्या कृपेनं.

कडी नवीन बसवली, पितळेची, आतून.
आधीची बाहेरून होती.
फोटोत तीच दिसायची.

पहिल्या दिवशी मी बाहेर उभा,
पडली तर धावता यावं म्हणून.
कडी लागल्याचा आवाज आला.
खुर्ची कुरकुरली.
मग थोडा वेळ काहीच नाही,
शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत होता.
आणि आतून
कौतिकाबाई खाकरली,
पहाटेच्या अंधारात खाकरायची तशी, मोठ्यानं.

भिंत होती. दार होतं. कडी होती.

मीही खाकरलो
आणि चार पावलं मागं सरकलो.